पंख्यापुरती खिडकी

काचवाल्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. बाजारात लहानथोर सगळे त्याला 'सूतभर' म्हणत. खिडकीचं माप घेताना तो चौकटीला पट्टी लावायचा, आकडा मोठ्याने वाचायचा आणि लगेच पुढे म्हणायचा, "सूतभर कमी." काच अगदी घट्ट बसवली तर चौकट जराशी आवळताच ती तडकते, म्हणून मापापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लहानच कापायची, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. तो त्याच्या इतका अंगवळणी पडला होता की चहात साखर किती विचारलं तरी "सूतभर कमी" आणि तब्येत कशी आहे विचारलं तरी "सूतभर कमी".

दुकान खाली, घर वर. दुकानात भिंतींना टेकून काचा उभ्या, मधोमध जुनं ब्लँकेट ताणून ठोकलेलं लांब टेबल, टेबलाखाली तुकड्यांचं पिंप. चाळीस वर्षं तो त्या टेबलापाशी उभा होता. आपण बसवलेल्या काचेवर कुणाचं नाक आपटलं की तो हळहळायचा आणि मनातल्या मनात सुखावायचाही. काच दिसली नाही म्हणजे काम चोख झालं, असा त्याचा हिशोब.

लोकांना वाटतं काच डोळ्यांनी कापतात. सूतभर ती कानांनी कापायचा. कापणीचं चाक नीट फिरत असलं की बारीक, एकसंध आवाज येतो. चाकाला तेल कमी पडलं की खरखर सुरू होते, आणि खरखर झाली की काच रेघेवर तुटत नाही, भलतीकडेच चिरत जाते. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता त्याचा हात चालायचा, पण जरा खरखर कानावर आली की तो वाक्य अर्ध्यावर टाकून थांबायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हाताऱ्याला राग आला की काय.

आणि अशा माणसाच्या मुलीला जन्मापासून काहीही ऐकू येत नव्हतं.

घरात तिला रेघू म्हणत, कारण चालायला लागल्यापासून हाताला लागेल त्यावर ती रेघा मारायची. दुकानातल्या धुळीवर, काचेवर, बापाच्या बनियनवर. तीन-चार वर्षांची असताना ती टेबलाच्या टोकाला चढून बसायची आणि तो काच कापत असला की दोन्ही तळवे काचेवर पसरून ठेवायची. आई वरून ओरडायची, "अहो, हात कापून घेईल ती." तो म्हणायचा, "असू दे गं, गार लागतं तिला." काप संपेपर्यंत रेघू तळवे उचलायची नाही, आणि बापाच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची.

त्या घरात एक रीत होती. आईने घालून दिलेली. रेघूसमोर आवाजाचा विषय काढायचा नाही. पोरीला उगाच वाटून घ्यायला नको, एवढाच त्यामागे भाव. रेडिओ माळ्यावर गेला तो कायमचा. कुकरची शिट्टी झाली तरी आई दचकून उठायची नाही; काहीतरी आठवल्यासारखं करून सावकाश उठायची. ऐकताना माणसाचा चेहरा जरा बदलतो, मान किंचित वळते. आईने तेही आवरायला शिकून घेतलं होतं आणि नवऱ्यालाही शिकवलं होतं. सत्तावीस वर्षं दोघांनी ती रीत इतकी निगुतीने पाळली की आपण ती पाळतोय हेही ते विसरून गेले.

रेघू हातांनी बोलायची. शाळेत शिकलेली हातांची भाषा आणि घरात आपोआप तयार झालेले इशारे यांची ती सरमिसळ होती. शिवाय समोरच्याचे ओठ तिला वाचता येत. स्वयंपाकघराच्या दाराशी एक काच टांगलेली होती. घरातले निरोप तिच्यावर मेणाच्या पेन्सिलीने लिहायचे आणि काम झालं की पुसायचे. काचवाल्याच्या घरात पाटी कशाला हवी.

रेघा मारणारी पोर मोठी होऊन नकाशे काढायला लागली. एक नकाशेवाल्या बाई होत्या, इमारतींची कामं घेणाऱ्या. त्यांची कच्ची टिपणं घरी यायची आणि रेघू कॉम्प्युटरवर त्यांचे पक्के नकाशे करायची. सूतभर कधीमधी तिच्या पाठीमागे उभा राहून बघायचा. पडद्यावर एक जिना असायचा. ती बोट हलवायची आणि जिना सावकाश वळायचा, वरून दिसायचा, खालून दिसायचा, पायऱ्यांच्या पोटातून दिसायचा. अजून वीटही न बसलेला जिना. सूतभर बघत राहायचा आणि खाली येऊन कुणाला सांगायला जावं तर शब्द सुचायचे नाहीत. "पोरगी जिना फिरवते," एवढंच सांगायचा. ऐकणारा म्हणायचा, "म्हणजे गोल जिना का?"

तिच्या खोलीचं टेबल भिंतीला लागून होतं, दार पाठीशी. तिला बोलवायचं तर दारात उभं राहून दोनदा पाय आपटायचा. जमीन फळ्यांची, हादरा तिच्या खुर्चीपर्यंत पोचायचा. दर वेळी ती दचकायची. मग वळून हसायची. पण आधी दचकायची हे खरं.

मग एक दिवस कॉम्प्युटर बंद पडला. नुसता बंद पडला नाही, तापून जळल्याचा वास सुटला. एका शाळेच्या इमारतीचे नकाशे त्यात होते, दीड महिन्याचं काम. रेघूने त्याची नक्कल ठेवली होती, पण ठेवली होती त्याच डिस्कवर.

कॉम्प्युटरवाला घरी आला. हसतमुख, बडबड्या माणूस. त्याने कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढला, आतला एक काळा पंखा बोटाने फिरवून बघितला. पंखा जागचा हलेना.

"हा मागचा मोठा पंखा गेला," तो म्हणाला. "आतली गरम हवा बाहेर फेकायचं काम याचं. हा थांबला, आत भट्टी झाली, डिस्क गेली." मग तो सहज म्हणाला, "पण असा एकदम नाही जात हो हा. आठ-दहा दिवस तरी खरखर करत असणार. तुम्हाला कुणालाच आवाज आला नाही?"

आई पदराशी चाळा करायला लागली. सूतभर खिडकीबाहेर बघायला लागला. आवाज आला होता. दोघांनाही आला होता. आठ दिवस वरच्या खोलीतून खरखर येत होती, कोरड्या चाकासारखी. काच कापताना अशी खरखर झाली असती तर त्याने तिथल्या तिथे हात थांबवला असता. पण ही तिच्या खोलीतली खरखर होती. तिच्यासमोर आवाजाचं बोलायचं नव्हतं. मशीन कामाला लागलंय, चालायचंच, असं म्हणून दोघं मूग गिळून बसले होते.

रेघू त्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. कॉम्प्युटरवाल्याचे ओठ तिने वाचले होते.

"आवाज येत होता?" तिने हातांनी विचारलं. "तुम्हाला येत होता?"

सूतभरने मान हलवली. हो.

ती रडली नाही, भांडली नाही. उठून खोलीबाहेर निघून गेली. पुढचे दोन दिवस स्वयंपाकघरातली काच कोरी राहिली. ते दोन दिवस सूतभरला दुकानात एकही काच धड कापता आली नाही. एकदा तर त्याने मापात सूतभर कमी धरलंच नाही. काच चौकटीत शिरेना आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे बघतच राहिलं.

नकाशेवाल्या बाई स्वतः भेटायला आल्या. त्या वाईट नव्हत्या, पण त्यांच्याही मानेवर काम होतं. रेघूला ओठ वाचता यावेत म्हणून त्या तिच्यासमोर बसून सावकाश बोलल्या. "तीन आठवडे देते. सगळं पुन्हा काढ. तुझा हात मला माहीत आहे. पण या वेळी काही झालं तर मला पुढची कामं दुसरीकडे द्यावी लागतील. तुझ्याकडून काढून घ्यायला मला आवडणार नाही, पण द्यावी लागतील." रेघूने मान डोलावली. बापाने जिन्यावर उभं राहून ते ऐकलं. पोरीची सगळी ऐट त्या कामावर उभी होती. कुणाच्या आधाराशिवाय सकाळी उठून आपल्या खुर्चीत बसायचं आणि आपलं काम करायचं, ही ऐट. ती गेली तर काय उरेल, याचा विचारही त्याला सहन होईना.

कॉम्प्युटरवाल्याने जुन्यापुराण्या भागांतून दुसरं मशीन उभं करून दिलं. कॅबिनेट कुठल्या तरी बंद कचेरीतलं, करड्या रंगाचं. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या काचेवर रेघूच्या टोकदार अक्षरात एक ओळ उमटली होती. "मला त्याच्या पोटाला खिडकी पाहिजे."

सूतभरने वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"तुम्हाला ऐकू येतं, मला दिसतं," तिने हातांनी समजावलं. "पंखा फिरतोय की नाही ते मला काम करता करता दिसलं पाहिजे. पडद्यावर पंख्याच्या वेगाचा आकडा येतो म्हणे, पण पडदाभर माझा नकाशा असतो."

"काच मी घालतो," तो म्हणाला. कॉम्प्युटरवाला म्हणाला होता की लोक पारदर्शक प्लॅस्टिक लावतात, हलकं पडतं. सूतभरने नुसतं नाक मुरडलं. त्याच्या घरात प्लॅस्टिकची खिडकी, म्हणजे डॉक्टरच्या घरात गंडेदोरे.

पत्रा काढायच्या आधी त्याने पहिल्यांदा त्या पेटीच्या आत नीट बघितलं. आत्तापर्यंत तो कॅबिनेट म्हणजे एक मुका डबा समजत होता. आत हिरव्या पाटीवर केसाएवढ्या तांबूस रेघा होत्या, शेकडो, एकमेकींना न खेटता वळणं घेत गेलेल्या. एकही रेघ दुसरीवर चढली नव्हती. कुणी मारल्या असतील या, कुठल्या पट्टीने, कुठल्या हाताने. दोन रेघांमधली जागा एका सुताच्या दहाव्या हिश्शाएवढीही नसेल. चाळीस वर्षं तो सूत सूत म्हणून मिरवत होता, आणि त्याला वाटलं, आपल्याला सूत म्हणजे काय तेच कळलेलं नाही. तो गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत राहिला. रेघूने त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा भानावर आला.

"रेघाच आहेत सगळ्या," तो तिला म्हणाला.

"म्हणून तर आवडतं मला," ती म्हणाली.

तिने खिडकीचा नकाशा काढून दिला, अगदी कामाचा असतो तसा, ट्रेसिंग पेपरवर. किती लांबी, किती उंची, काठापासून किती अंतर. खिडकी मागच्या अर्ध्या भागात, म्हणजे नेमकी पंख्यापाशी. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाहेरून'.

सूतभर पत्रा खाली घेऊन गेला. दुकानाचं दार लोटून घेतलं, कामात कुणी बोलायला नको म्हणून. पत्र्याची रंगवलेली बाजू ओरखडू नये म्हणून ती ब्लँकेटकडे केली, दुमडलेल्या कडा वर घेतल्या. नकाशा पसरला, कोपरे चिकटवले, खुणा केल्या. चार कोपऱ्यांना भोकं पाडली, बारीक करवतीने कापलं, कानशीने कडा गुळगुळीत केल्या. गाडीच्या काचेला असते तशी दोन्हीकडे खाच असलेली रबरी पट्टी कडेने बसवली. काच कापली, सूतभर कमी. रबरात ती इतकी सुरेख बसली की त्याने स्वतःच बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. इतक्या वर्षांत इतकी छोटी खिडकी त्याने केली नव्हती आणि इतकी मन लावूनही केली नव्हती.

वर जाऊन त्याने पत्रा पेटीला लावला. रेघू पुढे वाकली. मग तिने त्याच्याकडे बघितलं.

खिडकी पुढच्या अर्ध्या भागात आली होती. काचेतून एक रिकामा पत्र्याचा पिंजरा दिसत होता, पूर्वी ज्यात सीडी घालायचे खण बसत तो. पंखा पार मागे, आंधळ्या पत्र्याच्या आड.

सूतभरला काही कळेना. माप बरोबर होतं, अंतर बरोबर होतं. रेघूने नकाशा उचलून कोपऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवलं. 'बाहेरून'. तो शब्द त्याने वाचला होता. वाचून सोडून दिला होता, कारण काचेला पाठपोट नसतं. उलटी धरा, सुलटी धरा, काच तीच. पत्रा पालथा ठेवून त्याने पुढचं मागे आणि मागचं पुढे करून टाकलं होतं. ही चूक सुताराने केली नसती, लोहाराने केली नसती. जन्मभर काच हाताळलेल्या माणसानेच करावी अशी ही चूक होती.

तो खुर्चीवर बसला. "मी तुझं काम बिघडवायलाच जन्माला आलोय," तो म्हणाला. ती म्हणाली, "बाबा, असं नका बोलू," पण तिचे हात थकलेले होते. नकाशांना सतरा दिवस उरले होते. असली कॅबिनेटं आता मिळत नाहीत, असं कॉम्प्युटरवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं. दुसरी खिडकी कापावी तर पत्रा आधीच पातळ. मधली पट्टी लेचीपेची होऊन सगळं झाकण थरथरणार. सूतभरने सगळे हिशोब मांडून पाहिले आणि हात टेकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कुठल्याशा कामाचं माप घ्यायला निघाला होता. गल्लीचं टोक काटकोनात वळतं, आणि पलीकडून येणारी गाडी दिसत नाही म्हणून तिथल्या खांबावर एक आरसा लावलेला आहे. त्यानेच लावला होता, बारा वर्षांपूर्वी. रोज त्या आरशाखालून जायचा. त्या दिवशी त्याला आरशात वळणापलीकडच्या रस्त्यावरची सायकल दिसली, आणि सायकल वळून समोर आली तरी तो तिथेच उभा होता. सायकलवाला म्हणाला, "काका, जरा बाजूला." काका माप घ्यायला गेलेच नाहीत. तसेच मागे फिरले.

कॉम्प्युटरवाल्याने येऊन तो रिकामा पिंजरा चार स्क्रू काढून बाहेर ओढला. त्यात आता काही बसणारच नव्हतं. सूतभरने पंजाएवढा आरसा कापला, कडा घासून घेतल्या, कडेने रबर लावलं, आणि लाकडाची एक तिरपी पाचर करून पुढच्या भिंतीला आतून बसवला. अर्धा काटकोन. मागच्या भिंतीवरचा पंखा आरशाकडे तोंड करून, आरसा खिडकीकडे. रेघूने पंख्याच्या एका पात्याच्या टोकाला नखं रंगवायचा लाल रंग लावला आणि आत एक दिव्यांची बारीक पट्टी चिकटवली. झाकण लागलं. तिने बटण दाबलं.

आत उजेड झाला. आणि त्या छोट्या खिडकीत, मधोमध, एक लाल वर्तुळ उभं राहिलं. पाती कुठेच दिसत नव्हती. नुसतं अखंड, स्थिर, लाल वर्तुळ. मूळ जागी खिडकी झाली असती तर पंख्याची नुसती कड दिसली असती. आता तो पूर्ण समोरून दिसत होता. आई हात पुसत दारात आली आणि दारातच थबकली.

"एवढं सगळं चाललेलं असतं होय आत," ती हळू म्हणाली. "आणि इतकं शांत." म्हणून झाल्यावर तिने जीभ चावली.

रेघूने ओठ वाचले होते. ती आईकडे बघून हसली. सूतभर खाली जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्या वर्तुळाकडे बघत राहिला. हजारो खिडक्या बसवल्या होत्या त्याने. कुठल्याही खिडकीपुढे तो असा बसला नव्हता. पंख्याचं एक फिरणं पात्याचं, हजार फिरणी वर्तुळाची, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि त्याला ते धड मांडता येईना. "बरोब्बर बसलं," एवढंच तो म्हणाला. सूतभर कमी म्हणायचं राहून गेलं.

रेघू कामाला भिडली. सकाळी बसायची ती दिवेलागणीला उठायची. शाळा पुन्हा उभी राहायला लागली, वर्ग वर्ग करून. मधूनमधून डोळ्याच्या कोपऱ्यातून तिची नजर उजवीकडच्या खिडकीत जायची आणि परत यायची. सूतभर दिवसातून चारदा काहीतरी निमित्त काढून वर यायचा, दारात दोनदा पाय आपटायचा, चहा ठेवायचा, वर्तुळ बघायचा, जायचा. तिचं दचकणं थांबलंय हे त्याच्या लक्षात आलं होतं. तो पाय आपटायचा आणि ती शांतपणे मान वळवायची. कामात बुडालीय, त्याला वाटलं.

नकाशे द्यायच्या आदल्या दिवशी, टळटळीत दुपारी, तो खाली एका कपाटाच्या दाराची काच कापत होता. अर्ध्या कापात त्याचा हात थांबला. चाक ठीक होतं, त्याला तेलही होतं. खरखर वरून येत होती.

चाक हातातच धरून तो जिना चढला. या वयात दोन-दोन पायऱ्या. खरखर वाढत होती, मध्येच अडत होती. खोलीच्या दारात पोचून त्याने पाय आपटायला उचलला.

रेघूची पाठ त्याच्याकडे होती. तिने मागे न बघता डावा हात वर केला, तळवा त्याच्याकडे. थांबा.

त्याचा पाय उचललेला तसाच राहिला. तिचा उजवा हात झरझर चालत होता. नकाशा जपून ठेवला गेला. त्याची एक नक्कल बाहेरच्या छोट्या डिस्कवर गेली. तेवढ्या वेळात तिने एकदाही घाई केली नाही. खिडकीतलं लाल वर्तुळ आता वर्तुळ नव्हतं. तुटक तुटक लाल ठिपके एकामागून एक येत होते, दमत होते. तिने मशीन बंद केलं. ठिपके सावकाश होत गेले आणि शेवटी एकच ठिपका आरशात खाली थांबला.

खोली शांत झाली. सूतभरने पाय हळूच फळीवर टेकला.

ती वळली. "कळलं होतं मला," तिने हातांनी सांगितलं. "तुम्ही जिन्यावर असाल तेव्हाच."

"पण मी आलो ते?" त्याने विचारलं. "मी पाय आपटला नव्हता."

तिने खिडकीकडे बोट केलं. सूतभर तिच्या खुर्चीमागे येऊन वाकला. पेटी तिच्याकडे जराशी तिरकी ठेवलेली होती, आणि तिच्या काचेत, दिवा विझल्यावर आता आणखी स्पष्ट, दार दिसत होतं, पाठीमागचं, चौकटीसकट, वरची पायरी आणि जिन्याचा कठडासुद्धा. त्याने ज्या चुकीच्या जागी काच घातली होती तिथूनच ते दिसत होतं. जरा मागे घातली असती तर नुसती भिंत दिसली असती.

"पहिल्या दिवसापासून दिसतं," ती म्हणाली. "तुम्ही दाराशी येता, पाय उचलता, मला सगळं दिसतं."

"मग मला आपटू का दिलास इतके दिवस?"

"तुम्हाला सवय आहे ना."

सत्तावीस वर्षं आपण पोरीला दचकवत होतो, आणि गेले पंधरा दिवस पोर आपल्याला सांभाळून घेत होती. तो तिच्या टेबलाच्या कडेला टेकला.

कॉम्प्युटरवाला तासाभरात आला, नवा पंखा बसवून गेला. जाताना म्हणाला, "अजून एक दिवस चालला असता तर काही खरं नव्हतं. नेमकं धरलंत." लाल रंगाची बाटली निघाली, नव्या पंख्याच्या एका पात्याला ठिपका लागला, आणि खिडकीत वर्तुळ परत आलं. नकाशे दुसऱ्या दिवशी वेळेवर गेले. नकाशेवाल्या बाईंनी लगेच पुढच्या कामाची टिपणं पाठवून दिली, त्यात एक जिना होता.

पण ती दुसऱ्या दिवसाची गोष्ट. त्या दुपारी, कॉम्प्युटरवाला गेल्यावर, रेघू खाली दुकानात आली. टेबलाच्या टोकाशी उभी राहिली आणि हातांनी विचारलं, "बाबा, कसा होता आवाज?"

सूतभरने आधी जिन्याकडे बघितलं. आई तिथेच उभी होती, तिसऱ्या पायरीवर. तिनेही प्रश्न पाहिला होता. ती म्हणाली, "सांगा ना तिला."

सांगायचं म्हणजे कसं सांगायचं. सत्तावीस वर्षांत त्याने तिला एक आवाज कधी सांगितला नव्हता. त्याच्यापाशी त्यासाठी इशारासुद्धा नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग एक काच ब्लँकेटवर आडवी घातली. चाकाचं तेल फडक्याने कोरडं पुसून काढलं. रेघूचे दोन्ही हात धरले आणि तळवे काचेवर पसरून ठेवले. पट्टी लावली आणि कोरडं चाक टोकापासून टोकापर्यंत ओढलं. खरखर झाली, दात शिवशिवतील अशी. काच भलतीकडेच चिरली. जन्मात पहिल्यांदा त्याने मुद्दाम एक काच वाया घालवली.

"असा," तो म्हणाला.

रेघूने तळवे उचलले नाहीत. डोळे मिटून घेतले. मग तिने बापाच्या तोंडाकडे बघितलं, टेबलाच्या टोकाला चढून बसणारी तीन वर्षांची पोर बघायची तसं.

"हा होय," तिने सावकाश हातांनी सांगितलं. "हा तर मला लहानपणापासून येतो. हा आला की तुम्ही थांबता."